पुढचं हौसिंग

एकशे चाळीस नंबरचं गिअर तेल थंडीत काकवीसारखं पडतं. डब्यातून नरसाळ्यात, नरसाळ्यातून नळीत, नळीतून गाडीच्या पोटात. तेवढ्या वेळात माणसाची एक विडी ओढून होते.

*

पांगारपाड्याहून सुरगाणा नऊ मैल. श्रावणात मोकळ्या हाताने चार तास. खांद्यावर झोळी असेल तर सहा.

*

पगारे मिस्त्रींच्या घरच्या मालनबाई एकदा शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं काय बाई, कुणाचं बारसं निघालं की नेमकं पोट दुखतं."

*

१२ नोव्हेंबर १९७६. इंजिन : बदललं. गिअरबॉक्स : बदललं. ट्रान्सफर : बदललं. मागचं हौसिंग : बदललं. पुढचं हौसिंग : बदललं. मिस्त्रीची सही. ड्रायव्हरची सही.

*

गंगापूर रोडला एका कंपाउंडाचं फाटक हिरवं आहे. ते उघडायला बसलेला माणूस, गाडी आत येताना ड्रायव्हरकडे बघत नाही. पुढच्या चाकांकडे बघतो.

*

"मिस्त्री, नरसाळं वर धरू का खाली?"

"वर धर. अजून वर. आणि हलवू नको."

सावळीराम पगारे जीपखाली पाठीवर पडला होता. रबरी नळीचं टोक त्याने मागच्या हौसिंगच्या भोकात धरलं होतं. नळीचं दुसरं टोक वर, नरसाळ्याला. आणि नरसाळं सोमाच्या हातात. खालून सावळीरामला सोमाचे फक्त पाय दिसत होते. टायरच्या चपला, टाचांना भेगा, डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी. जानेवारी १९८७ मधली सकाळ. सात वाजून गेले होते, पण थंडी अशी की तेल नळीत उतरायला तयार नव्हतं.

सोमा भोये आज इथे कामाला नव्हता. त्याची नोकरी काल संध्याकाळी संपली. भाऊ गेल्यामुळे गावाकडची भाताची आणि नागलीची जमीन बघायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्याने मंडळाची नोकरी सोडली होती. आज तो फाटकाच्या किल्ल्या द्यायला आला होता. साडेनऊच्या गाडीने सुरगाण्याकडे जायचं, बिऱ्हाड आधीच गेलेलं. सावळीरामने त्याला बघितलं, आणि जरा हात दे म्हणून बोलावून घेतलं.

खरं म्हणजे हाताची गरज नव्हती. नरसाळं अडकवायला सावळीरामने बारा वर्षांपूर्वीच भिंतीला हूक ठोकलेला होता.

*

मंडळ म्हणजे सह्याद्री आरोग्य मंडळ. दोन जीपगाड्या, एक व्हॅन, चार नर्सबाया, आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली चाळीसेक गावं. सावळीराम तिथे पहिल्या दिवसापासून मिस्त्री. जुन्या जीपचं मीटर पाच आकड्यांचं होतं आणि ते शहात्तर सालापर्यंत दोनदा उलटून पुन्हा शून्यावर आलेलं. नवा कोणी आला की तिला 'तीस हजार चाललेली' समजायचा. सावळीरामला त्याची गंमत वाटायची.

अशा म्हाताऱ्या गाडीचं तेल निवडणं हे त्याचं खास काम. एकदा सेक्रेटरींनी हिशेबाच्या सोयीसाठी ठरवलं, की सगळ्या गाड्यांना सगळीकडे एकच तेल वापरायचं, एकच पिंप आणायचं. सावळीरामने कॅन्टीनमधून चार बशा आणल्या, चारांत चार तेलं ओतली आणि सेक्रेटरींच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणाला, बोट बुडवा साहेब. साहेबांनी बोट बुडवलं. मग त्याने सांगितलं, की हे तीस नंबर, नव्या इंजिनाला गोड लागतं. पण आपल्या गाडीच्या रिंगा झिजल्यात, ती हे पिऊन टाकेल आणि मागून निळा धूर सोडेल. तिला उन्हाळ्यात चाळीस पाहिजे. पण चाळीस पेठच्या थंडीत सकाळी हँडल फिरू देत नाही, म्हणून दिवाळीनंतर तीस, धूर निघाला तर निघू द्या. हे तिसरं नव्वद, गिअरबॉक्सचं. आणि हे चौथं एकशे चाळीस. मागच्या हौसिंगचे दाते घासून रडायला लागलेत, त्यांच्यात हे घातलं की ते गप्प बसतात. आणि बाजारात आतून साफ करणारं नवं तेल आलंय, ते या इंजिनात एकदम ओतायचं नाही. वीस वर्षांचा मळ सुटेल, जाळीत अडकेल, इंजिन कोरडं पडेल.

सेक्रेटरी बोट पुसायला फडकं शोधत होते. पिंपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

ही बशांची गोष्ट मंडळात वर्षानुवर्षं सांगितली जायची. सावळीराम पगारे म्हणजे तेलातला माणूस. तो गाडीच्या कुशीला कान लावून सांगतो, कुठे काय कमी पडलंय.

*

चारी चाकं ओढणाऱ्या जीपला पाच ठिकाणी तेल लागतं. इंजिन, गिअरबॉक्स, त्याच्या मागे जोर पुढे-मागे वाटून देणारं ट्रान्सफर, आणि दोन चाकांच्या मधे दात्यांवर बसवलेलं लोखंडी घर, ते मागचं हौसिंग आणि पुढचं हौसिंग. साध्या मोटारीला हे पुढचं नसतं. चिखल किंवा चढ आला की ड्रायव्हर छोटी लिव्हर ओढतो, पुढची चाकंही इंजिनाला जोडली जातात, आणि तेव्हा त्या पुढच्या हौसिंगवर भार येतो. एरवी ते नुसतं चाकांबरोबर फिरत असतं, बिनकामाचं.

मंडळाचा नियम असा, की पाचही ठिकाणी तेल बघताना ड्रायव्हरने शेजारी उभं राहायचं आणि रजिस्टरात मिस्त्रीखाली सही करायची.

नोव्हेंबर शहात्तरमध्ये पुढच्या हौसिंगचा प्लग गंजून बसला होता. सावळीरामने पाना लावला, तो घसरला. हातोडीने ठोकलं. पुन्हा लावला, पुन्हा घसरला आणि बोटांची सालटं निघाली. गॅसची बत्ती लावून तापवला असता तर निघाला असता, पण बत्तीची टाकी रिकामी होती. दोन वाजता गाडी शिबिराला निघायची होती, वत्सलाबाई सिस्टर औषधांच्या पेट्या घेऊन ओट्यावर येऊन बसल्या होत्या. पाऊस संपलेला. आता जूनपर्यंत ती छोटी लिव्हर कोण ओढतंय? पुढच्या वेळी बघू, असं म्हणून त्याने पाना पुसला. रजिस्टरात पाच ओळी लिहिल्या. पाचवी लिहिताना हात थांबला नाही. पाच ओळी एका दमात लिहायची सवय होती. सोमा तेव्हा या गाडीचा ड्रायव्हर, तो नळावर मडगार्ड धूत होता. तो ओल्या हाताने आला, पँटला हात पुसले आणि आपलं नाव एकेक अक्षर जोडत लिहिलं.

पुढच्या वेळी बत्ती होती, पण वेळ नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी वेळ होता, पण मागच्या दोन ओळी खोट्या ठरल्या असत्या असं काहीतरी वाटून गेलं. त्यानंतर काही वाटलं नाही. वीस महिन्यांत पुढच्या हौसिंगने रजिस्टरात पाच वेळा नवं तेल घेतलं.

*

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सावळीरामने डोळ्यांनी बघितलेलं नाही. त्याला ते वत्सलाबाईंकडून कळलं, आणि त्यांनी ते एवढ्या वेळा सांगितलं की आता त्याला ते बघितल्यासारखं आठवतं.

पांगारपाड्याची कमळाबाई अडली होती. मूल आडवं. वत्सलाबाईंनी हात लावला आणि सांगितलं, सुरगाण्याला न्यावंच लागेल. जीपमध्ये मागे गोधडी टाकली, तिला निजवलं. सोमाने छोटी लिव्हर ओढली, चारी चाकं लावली आणि गाडी चिखलातून वर काढायला लागला. अर्धा चढ गेला. मग खालून तव्यावर उलथनं खरवडल्यासारखा आवाज आला, जळका वास आला, आणि पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी बसली. पुढे जाईना, मागे जाईना. सोमा खाली उतरला, चिखलात आडवा झाला, हौसिंगला हात लावला आणि हात भाजला म्हणून ओरडला. लिव्हर काढली, घातली, काढली. चाकं हलली नाहीत.

इथे प्रत्येक वेळी सावळीरामच्या मनात तेच यायचं. तिथे मिस्त्री असता तर दोन्ही पुढच्या चाकांच्या तोंडावरच्या चकत्या खोलून आतले दांडे बाहेर ओढले असते. वीस मिनिटांचं काम. चाकं मोकळी झाली असती, गाडी मागच्या चाकांवर निघाली असती. हे सोमाला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं कुणी, तर त्यानेच.

पाड्यावरच्या माणसांनी दोन बांबू तोडून झोळी केली. खांदे बदलत बदलत नेलं. सोमाने एक बांबू शेवटपर्यंत सोडला नाही, खांदा बदलला नाही. कमळाबाई वाचली. मूल वाटेतच गेलं होतं. मुलगी होती.

*

ट्रकमागे बांधून जीप नाशकात आली तेव्हा दुपारची वेळ होती आणि शेडमध्ये सावळीराम एकटाच होता. त्याने बत्ती पेटवली, प्लग तापवला. निघाला. आतून चमचाभर तांबूस पाणी आलं आणि त्यामागून गंजाचा चुरा. तेलाचा थेंब नव्हता. बेअरिंग निळं पडून चिकटलं होतं.

तो जरा वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याने घमेल्यात रॉकेल ओतलं, पिचकारी घेतली आणि हौसिंग आतून धुऊन काढलं. एकदा नाही, तीनदा. सेक्रेटरी चार वाजता बघायला आले तेव्हा लोखंड भांड्यासारखं स्वच्छ होतं.

*

चौकशी सेक्रेटरींनीच केली. फाईलीत सावळीरामचा जबाब असा :

प्रश्न : पुढचं हौसिंग जळण्याचं कारण काय असू शकतं?

उत्तर : चारी चाकं लावून गाडी डांबरी रस्त्यावर चालवली तर पुढच्या हौसिंगवर ताण येतो. चिखल संपला की लिव्हर काढावी लागते.

प्रश्न : आदल्या दिवशी गाडी डांबरी रस्त्याने आली होती. ड्रायव्हरने लिव्हर काढली नसावी, असं म्हणायचं आहे?

उत्तर : नसावी.

पहिलं उत्तर खरं होतं. कुठल्याही मिस्त्रीने तेच सांगितलं असतं. दुसरं एका शब्दाचं.

वत्सलाबाईंनाही विचारलं होतं. त्या बिचाऱ्या खरं तेच बोलल्या, की गाडीत दोन दांडे असतात, कुठला कशाचा हे मला ठाऊक नाही, मी पेशंटकडे बघत होते.

सोमाला काढून टाकलं नाही, सेक्रेटरी चांगला माणूस होता. त्याची गाडी काढून घेतली आणि फाटकावर बसवला. सोमाने तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या महिन्यात तो सावळीरामकडे आला आणि म्हणाला, की मिस्त्री, तुम्ही साहेबांना जे सांगितलं ते मला नीट समजावून द्या. सावळीरामने जमिनीवर खडूने चार चाकं काढली आणि लिव्हर का काढायची ते समजावलं. सोमा चाकांकडे बघत 'हां, हां' करत राहिला.

तेव्हापासून मंडळात नवा ड्रायव्हर आला की सोमा त्याला फाटकावर थांबवायचा, तंबाखू द्यायचा आणि सांगायचा. सावळीरामने ते शेडमधून किती वेळा ऐकलं असेल.

"चढ संपला का लगी लिव्हर मागं. इसरायचं नाय. मी इसरलो व्हतो, एक लेकरू गेलं."

दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने. पोरं मान डोलवायची, एखादं मागे हसायचंही. आणि गाडी आत येताना सोमा तिची पुढची चाकं बघत राहायचा, जोडलेली आहेत की सुटी, जणू ते बाहेरून दिसतं.

साडेआठ वर्षं. या काळात सावळीरामने किती वेळा ठरवलं, की आज सांगू. एकदा तर तो चहाचे दोन कप घेऊन फाटकापर्यंत गेला. सोमाने कप घेतला आणि आपणहून म्हणाला, की मिस्त्री, तुमच्यामुळं नोकरी राहिली, दुसऱ्या कुणी माझ्यावर अजून काय काय घातलं असतं. सावळीरामने चहा पिऊन टाकला, गरम होता तसाच.

*

नळीतून तेल अजून उतरतच होतं.

"सोमा," सावळीराम गाडीखालून म्हणाला, "गावाकडं तुझं घर पांगारपाड्यापासून किती लांब?"

"कोसभर. पर मी पाड्यावरनं जात नाय. वरल्या वाटंनं जातो, कड्याच्या अंगानं. दीड कोस जास्ती पडतो."

"का?"

चिंधी बांधलेला अंगठा जरा हलला.

"तुमाला म्हाईत नाय व्हय."

सावळीरामच्या तोंडासमोर हौसिंगचं लोखंड होतं. त्याच्याकडे बघतच तो बोलला. वर बघायची सोय नव्हती, आणि असती तरी त्याने बघितलं नसतं.

"पुढच्या हौसिंगला तेल नव्हतं, सोमा."

"आता घालू की. हे झालं का."

"आता नाही. तेव्हा. त्या वेळी. थेंब नव्हता. प्लग निघत नव्हता म्हणून मी सोडला, आणि लिहिलं की भरलं. पाच वेळा लिहिलं. साहेब यायच्या आधी मी ते रॉकेलनं धुतलं."

नरसाळं हललं नाही. सावळीराम वाट बघत होता, की आता ते खाली पडेल, तेल तोंडावर येईल, लाथ बसेल. काही तरी होईल. तेल त्याच गतीने येत राहिलं. शेवटी भोकाच्या काठाला आलं, ओघळलं आणि त्याच्या मनगटावरून बाहीत शिरलं.

"भरलं," तो म्हणाला.

"मंग मी लिव्हर काढली व्हती?" सोमाने विचारलं.

"काढलीच असशील. तू कधी विसरला नव्हतास."

"मला याद व्हतं," सोमा म्हणाला. आवाज चढला नव्हता. एखादा हरवलेला जिन्नस कुठे ठेवला होता ते आठवत असावा तसा. "सुरगाण्याच्या नाक्याला डांबर लागलं तिथं काढली. डाव्या अंगाला चिंचंचं झाड हाय. हितं काढली, आसं याद व्हतं. मी घरी बायकूला, तानूलाबी सांगितलं. मंग साहेब म्हनले नाय काढली. मंग तुमी म्हनले. मंग रोज येगळं याद यायला लागलं. मंग काढली न्हवती, तेच याद ऱ्हायलं."

सावळीराम गाडीखालून सरकत बाहेर आला. बाही तेलाने चिकट झाली होती. सोमाने नरसाळं भिंतीच्या हुकाला अडकवलं. हूक कुठे आहे ते त्याला आधीपासून माहीत होतं.

"आठ वरसं पोरान्ला खोटं शिकवलं मी," तो म्हणाला.

माफी हा शब्द सावळीरामच्या तोंडाशी आला होता, पण ती मागितल्यावर समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि या माणसाकडून आणखी काही मागायची त्याला लाज वाटली. तो कपाटाकडे गेला, रजिस्टर काढलं. आजच्या तारखेखाली तीन ओळी होत्या, त्याने मागच्या हौसिंगची चौथी लिहिली, पुढच्या हौसिंगची बाकी होती. ती मोकळी ठेवून त्याने खाली लिहिलं : *नोव्हेंबर ७६ ते ऑगस्ट ७८ पुढच्या हौसिंगला तेल घातलं नाही. नोंदी खोट्या आहेत. गाडी बंद पडली ती त्यामुळे. ड्रायव्हर सोमा भोये यांची चूक नव्हती. चौकशीत मी खोटं सांगितलं.* सही केली. तारीख घातली. सोमाला त्याने ते वाचून दाखवलं. मग सवयीने पेन त्याच्यापुढे धरलं, कारण खाली ड्रायव्हरच्या सहीची रेघ होती.

सोमाने पेनाकडे बघितलं.

"मी डायवर नाय," तो म्हणाला.

सावळीरामने रजिस्टर नेऊन सेक्रेटरींच्या टेबलावर उघडं ठेवलं. हे सेक्रेटरी नवे होते, दहाला यायचे. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वाचून काय करतील ते करतील. परत आला तेव्हा सोमा पिशवी खांद्याला लावून फाटकाशी उभा होता.

"साहेबान्ला कळंल," सोमा म्हणाला. "पांगारपाड्याला कोन सांगल? आता मला तिकडंच ऱ्हायचंय."

"मी सांगतो."

"साडेनवाची गाडी हाय."

सावळीरामने हात भुशाने घासले, मग साबणाने. काळं नखांत राहिलंच. मालनबाईंना निरोप देण्यासाठी त्याने फाटकासमोरच्या पानवाल्याला सांगितलं, की संध्याकाळी घरी कळव, मी सुरगाण्याला गेलोय, उद्या येईन. पानवाल्याने विचारलं, कुणाचं लग्न? सावळीराम म्हणाला, लग्न नाही.

*

गाडीत दोघांना एकाच बाकावर जागा मिळाली. दिंडोरी आली. बाहेर द्राक्षांच्या बागांत बाया फवारणीच्या पंपांत पाणी भरत होत्या. खिडकीची काच खडखडत होती, आणि गाडीच्या मागच्या हौसिंगमधून बारीक रडका आवाज येत होता. एरवी सावळीरामने कंडक्टरला बोलावून सांगितलं असतं, की डेपोत एकशे चाळीस नंबर घालायला सांगा.

वणीला गाडी दहा मिनिटं थांबली. सोमा उतरला, टपरीवर गेला आणि एक चहा घेऊन आला. खिडकीशी उभा राहून त्याने तो सावकाश प्यायला. सावळीराम आत बसून त्याच्याकडे बघत होता. सोमाने पेला परत दिला, गाडीत चढला, आणि आपल्या जागेवर बसताना म्हणाला, "कमळाबाईला आता दोन पोरं हायेत. मोठ्याला समज आलीय. त्याच्यासमोर बोला."

"बोलेन."

"आन् साहेबासारखं नका बोलू. तिला हौसिंग काय समजत नाय."

सावळीराम वाट संपेपर्यंत मनात शब्द जुळवत राहिला. हौसिंग, प्लग, बेअरिंग, रजिस्टर हे सगळे शब्द काढून टाकल्यावर एकच वाक्य उरत होतं, आणि ते फार लहान होतं.

फाट्यावर दीड वाजता दोघे उतरले. ऊन चढलं होतं. समोर दोन पायवाटा फुटत होत्या, एक कड्याच्या अंगाने वर आणि एक खाली पाड्याकडे. सोमाने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि खालच्या वाटेला लागला. सावळीराम त्याच्या मागून चालला, दहा पावलं अंतर ठेवून.

*

अठ्ठ्याहत्तरच्या चौकशीत सोमाचा जबाब सावळीरामच्या आधी, सकाळी साडेदहाला घेतला होता. तेल भरताना तू नियमाप्रमाणे शेजारी उभा होतास का, असं सेक्रेटरींनी विचारलं. सोमाने सांगितलं, नाही. पगारे मिस्त्री भरत असताना कशाला उभं राहायचं.